उस्तादांच्या हाताचं माप

४ मार्च, सोमवार

साहेबांनी फॉर्म दिलाय. रोज चाचणीची नोंद करा म्हणे. फॉर्मवर फॉर्मपुरतं लिहीन. ही वही माझी आहे, इथे शिव्या चालतात.

आज एकदाचा निर्णय झाला. सगळ्या गाड्यांना स्पीडलोडर मिळणार. बँकांची रोकड वाहून नेणारी कंपनी आमची. गाडी चिलखती, काचा जाड, साहेबांची खुर्ची फिरती, आणि गार्डच्या कमरेला सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. सहा संपल्या की खिशात हात घालायचा, सुटी काडतुसं चाचपायची आणि चक्रात एकेक कोंबत बसायचं. मी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतोय की बाबांनो, सहाच्या सहा एका दमात भरायची सोय मिळते, मुठीत मावेल एवढी असते, ती घ्या. साहेब हसून म्हणायचे, "उस्ताद, आपल्याकडे कधी सहा गोळ्या उडाल्यात का?"

उडाल्या. गेल्या महिन्यात दोन नंबरच्या गाडीवर उडाल्या. तिथला गार्ड दिवसभर गुणगुणायचा, म्हणून त्याला आम्ही गवई म्हणतो. तो चाकाआड बसून खिशात पुढचं काडतूस शोधत होता तेव्हा त्याच्या मांडीत गोळी घुसली. आता कुबड्यांवर आहे आणि गुणगुणत नाही. बैल गेला अन् झोपा केला, अशी या लोकांची तऱ्हा. माणूस आडवा झाल्याशिवाय यांच्या डोक्यात उजेड पडत नाही.

गवईच्या जागी आता माझी सून बसते. घरी मला बाबा म्हणते, कामावर बाकीच्यांसारखं उस्ताद. माझ्याच हाताखाली शिकली.

लोडर निवडायचं काम माझ्याकडे आलं यात कुणाचे उपकार नाहीत. पट्टा असो, तेल असो, हातमोजे असोत, हत्याराची कुठलीही वस्तू आमच्याकडे आधी माझ्या हातात येते. माझ्या हाताला पटली तर सगळ्यांना, नाही पटली तर आल्या वाटेने परत. हा रिवाज साहेबांच्या आधीपासूनचा आहे. मुख्य कचेरीची मंजुरी महिनाअखेरीपर्यंत आहे, त्याच्या आत एक लोडर पसंत करायचा. जो माझ्या हातात चुकेल तो मी कुणाच्या हातात देणार नाही. मग कंपनीने कितीही बोंबा मारल्या तरी चालतील.

६ मार्च, बुधवार

विक्रेता आला होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याने तीन प्रकार टेबलावर मांडले.

पहिला घुंडीचा. काळा गोल तुकडा, सहा भोकं, मागे घुंडी. भोकांत काडतुसं बसवून घुंडी फिरवली की अडकतात. चक्रावर टेकवून उलटी फिरवली की सुटून आपापल्या घरात पडतात. दुसरा दाबायचा. त्याला घुंडी नाही, चक्राच्या मध्यावर नेमका टेकवून दाबला की आतली स्प्रिंग सहाही पुढे ढकलते. सगळ्यांत झटपट तोच, पण सरळ दाबला तर. तिसरी नुसती रबरी पट्टी. काडतुसं एका ओळीत, दोन-दोन घालायची आणि पट्टी सोलून घ्यायची. खिशात सपाट राहते, पण वेळ खाते. आणखी एक पत्र्याची चकती होती, पण तिच्यासाठी रिव्हॉल्व्हरचं चक्र कातून घ्यावं लागतं म्हणून मी ती लगेच बाजूला सारली.

नेमबाजीच्या जागेवर गेलो. डमी काडतुसं भरून आधी घुंडीचा घेतला. हातात घेतल्याबरोबर खुळखुळायला लागला! आत काडतुसं नाचताहेत. मी म्हटलं, हा लोडर आहे की तान्ह्या बाळाचा खुळखुळा? विक्रेता म्हणाला, "थोडी सैल असतातच उस्ताद, म्हणजे घरात पटकन उतरतात." उचलली जीभ लावली टाळ्याला. घुंडी फिरवली तर अर्धीच फिरली, तीन उतरली, तीन लोंबकळत राहिली, झटकलं तर जमिनीवर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. घुंडी इतकी बारीक केली आहे की बोटांत धरताच येत नाही.

शिकाऊ पोरं भिंतीला टेकून बघत होती. त्यांच्यातला एक हसला. त्याला मी वाळूच्या ढिगाऱ्यापर्यंत पळत पाठवला, रिकाम्या पुंगळ्या वेचायला. विक्रेता मला शिकवत होता, "मनगट सैल ठेवा." मला! अरे, माल धड करता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाला नावं ठेवतोस? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते यालाच.

७ मार्च, गुरुवार

बारीकसारीक गोष्टींनी डोकं उठलंय. सूनबाई हल्ली चहा अर्धा कप देते. मी विचारलं, घरात दुधाचा दुष्काळ पडला का? म्हणाली, "गरम राहतो बाबा, पाहिजे तर पुन्हा देते." पुन्हा मागायला मी काय पाहुणा आहे? आणि हिने, म्हणजे बायकोने, माझ्या गणवेशाच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून तिथे टिचबटणं लावली. न विचारता. म्हणे, हल्ली अशीच फॅशन आहे. या वयात मला फॅशन!

पेनही बदललं पाहिजे. अक्षर मुंग्यांसारखं बारीक येतंय.

९ मार्च, शनिवार

सापडलं! बदमाश सापडला!

दोष अर्धा लोडरचा आहे आणि अर्धा मुठीचा. आमच्या रिव्हॉल्व्हरची लाकडी मूठ डाव्या बाजूला फुगीर आहे. चक्र डावीकडे उघडतं, लोडर आत जाताना त्याची कड त्या फुगवट्याला घासते आणि तो तिरका होतो. तिरका लोडर कसा भरणार? हे त्या गुळगुळीत माणसाला माहीत नव्हतं. साहेबांना तर मूठ कशाला म्हणतात इथून सुरुवात करावी लागली. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा सगळे "अरे हो!" करायला लागले. घ्या, म्हणून उस्ताद लागतो.

दुपारी मूठ शिकंज्यात धरून कानस घेतली. फुगवटा उतरवायचा, बस, सुताराच्या पोराचंही काम. पण भांडारात कानशी अशा बोथट की घसरत होत्या. लाकडावर दोन ओरखडे आले ते आले. सून गाडीवरून उतरून आली, कानस माझ्या हातातून घेतली आणि लोण्यातून फिरवावी तशी फिरवली. वर पॉलिश कागद मारला. मी म्हटलं, "मी करत होतो ना?" म्हणाली, "तुम्ही सकाळपासून उभे आहात, उस्ताद." तिला वाटतं मी म्हातारा झालो. बाकी सगळ्या मुठी तिच्याचकडून उतरवून घेतल्या, एकदा हात बसलाय तर.

आता मंगळवारी बघू. कड लागत नाही म्हटल्यावर कुठे जातो बेटा!

१२ मार्च, मंगळवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. नीट लिहिताही येत नाही.

मूठ उतरवली, कड कुठेही लागत नाही, आणि तरीही हे भंगार चालत नाही. घुंडीचा खुळखुळतो आणि अर्धवट सुटतो. दाबायचा कलतो. चक्राच्या मध्यावर टेकवावा तर टेकेपर्यंत सरकतो, दाबला की दोन आत आणि चार बुटांवर. स्प्रिंग कच्ची, दुसरं काय! पट्टीचं रबर एवढं कडक की सोलताना काडतूसच परत वर येतं. शेवटी मी तिन्ही वाळूत भिरकावले.

शिकाऊ पोरांनी ते वेचून आणले आणि सगळ्यांनी घुंडीचा करून बघितला. भरला त्यांच्या हातून, नाही असं नाही. एकाने तर डोळे मिटून भरला. पण नशिबावर मी गार्डचा जीव सोपवू का? आज भरला, उद्या नाही भरला म्हणजे? माझ्या हाताने कधी नशीब मानलं नाही.

तेलही भेसळीचं येतंय. पूर्वी बाटली उघडली की अख्खी खोली घमघमायची. आज नाकाशी धरली तरी काही नाही. दारूगोळ्यातही दम उरला नाही, बार झाल्यावर वास म्हणून येत नाही. सगळीकडे लुटालूट चालली आहे.

१४ मार्च, गुरुवार

साहेबांना सांगून टाकलं: तिन्ही नापास.

मला वाटलं साहेब कपाळाला हात लावतील. ते खूश झाले! खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाले, "उस्ताद, तुमचा शब्द म्हणजे शब्द. नको तर नको. मुख्य कचेरीला कळवतो, आमच्या तज्ज्ञांनी लोडर नाकारले."

मी म्हटलं, "लोडर नाकारले नाहीत, हे तीन नाकारले. दुसरे मागवा."

"दुसरे म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा चाचणी. बघू पुढच्या वर्षी."

"आणि तोवर?"

"तोवर आहेच की आपली जुनी पद्धत."

जुनी पद्धत म्हणजे खिसा. म्हणजे गवई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस माझ्याच खांद्यावर बंदूक ठेवून मोकळा झाला. मी टेबलावर हात आपटला तर पाण्याचा पेला उलटला आणि साहेबांच्या कागदांवरून ओघळला. ते तरी समजूतदारपणे म्हणाले, "असू द्या, असू द्या, उस्ताद, बसा तुम्ही." बसा! जसा काही मला चक्कर येत होती.

१५ मार्च, शुक्रवार

घरात आज जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी पलटायला नको.

जेवताना सून म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचार."

"घुंडीवाल्यात वाईट काय आहे?"

"खुळखुळतो. अर्धवट सुटतो."

"माझ्या हातात नाही सुटत."

"तुझा हात म्हणजे काय माप आहे का?"

"मग तुमचा का?"

 हे मला? जिला चक्र उघडता येत नव्हतं तेव्हा बोट धरून शिकवलं, तिने मला माप विचारावं? मी म्हणालो, मुलगा परगावी कामाला आहे म्हणून बोलतेस, तो असता तर हिंमत झाली नसती. ती म्हणाली, "तो असता तर त्यानेच विचारलं असतं. मी सोमवारी दोन नंबरवर जाणार. खिशात सुटी काडतुसं घेऊन. कुणामुळे? साहेबांमुळे नाही, बाबा. तुमच्यामुळे."

मी ताट सरकवलं. वरण सगळं टेबलावर. बायको फडकं घेऊन उठली आणि हळूच म्हणाली, "अहो, ती खोटं बोलत नाहीये."

"तू गप्प बस. लोडर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला?"

"लोडर नाही माहीत. तुम्ही माहीत आहात."

दोघींनी कट केलाय. मीही सांगून टाकलं की उद्या सकाळी नेमबाजीच्या जागेवर ये, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. घोडामैदान जवळच आहे.

१६ मार्च, शनिवार

झालं.

सगळे जमले होते. शिकाऊ पोरं, ड्रायव्हर, सुट्टीवरचे गार्ड. गवईसुद्धा कुबड्या टेकत आला आणि बाकावर बसला. त्याला कुणी बोलावलं मला माहीत नाही.

आधी सून. रिव्हॉल्व्हर उघडलं, नळी वर, तळव्याने दांडी दाबून पुंगळ्या झाडल्या, नळी खाली, पट्ट्यातून लोडर, चक्रावर टेकवला, घुंडी फिरवली, टाकून दिला, बंद. पुन्हा. हातमोजे घालून पुन्हा. मान वळवून, माझ्याकडे बघत पुन्हा. एकदाही चुकली नाही. मी शिकवलेली प्रत्येक हालचाल होती. एवढं सुरेख मी कुणाला करताना बघितलं नाही, आणि मला तिचा भयंकर राग आला.

मग मी. तीन उतरली, तीन खाली. मी म्हटलं, माझी मूठ वेडीवाकडी घासली आहे. तिने तिचं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, हा लोडर खराब आहे, तुझा दे. तिने कमरेचा काढून दिला. तोही माझ्या हातात आल्या आल्या खुळखुळायला लागला. मी ओरडलो, "बघा! बघा, कसा वाजतो! हा असला माल..."

तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सगळ्यांसमोर धरला. तो वाजायचा थांबला. ती तशीच उभी राहिली, हात पुढे करून, आणि आवाज काही येईना. मग तिने तो परत माझ्या तळव्यावर ठेवला. खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ.

कुणी हसलं नाही. ते हसणारं पोरगंही नाही. मी माझ्या हाताकडे बघत होतो. मी त्याला काहीही करायला सांगितलं नव्हतं आणि तो करत होता. गवई बाकावरून म्हणाला, "उस्ताद, बसा जरा." आज मी बसलो.

१७ मार्च, रविवार

खोलीत बसून आहे. दोघींशी बोललो नाही.

अर्धा कप! भरलेला सांडायचा म्हणून अर्धा. बटणं लावता येत नव्हती म्हणून टिचबटणं. सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, सुनेला, बहुतेक त्या शिकाऊ पोरांनाही. मला सोडून सगळ्या गावाला माहीत. तोंडावर सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यांना?

खाल्लं असतं. हेही लिहून ठेवतो.

सुनेने मेंदूच्या डॉक्टरची वेळ कधीच घेऊन ठेवली आहे म्हणे, पुढच्या बुधवारची. दाराबाहेरून सांगून गेली.  मला भीती वाटते आणि भीतीचा मला संताप येतो. ज्या हातावर अख्खी कंपनी चालली तो हात आता मांडीवर ठेवला तरी गप्प बसत नाही. आणि या हाताच्या भरवशावर मी माझ्या पोरीला सुटी काडतुसं देऊन रस्त्यावर पाठवणार होतो. पोरगीच ती, सून म्हणायचं नुसतं.

१८ मार्च, सोमवार

साहेब येण्याआधी त्यांच्या दारात उभा राहिलो. दोन नंबरची गाडी निघू दिली नाही. फाटकाची किल्ली खिशात टाकली.

म्हटलं, "घुंडीचा लोडर पास. मंजुरीवर सही करा."

"अहो, गुरुवारी तर तुम्ही नापास केलात."

"लोडर नापास नव्हता. माझा हात नापास आहे. थरथरतो. तुम्हीही बघितलाय, पाणी सांडलं तेव्हा. तेव्हा का नाही बोललात?"

साहेबांनी नजर चुकवली. मग त्यांना वाट सापडली. म्हणाले, "असं असेल तर ती चाचणीच रद्द धरावी लागेल, उस्ताद. नव्याने, सक्षम माणसाकडून... पुढच्या वर्षी रीतसर..."

आतापर्यंतचा सगळा राग मी बहुधा याच क्षणासाठी जमवला होता. मी असा ओरडलो की बाहेरची पोरं दारात आली. म्हटलं, चाचणी झाली आहे, शिकाऊ पोरांनी केली, सुनेने सगळ्यांसमोर केली, एक सोडून सगळे पास. तो एक मी आहे, आणि हे घ्या त्याचं रिव्हॉल्व्हर. पट्ट्यासकट टेबलावर ठेवलं. "आता गाडीवर हात थरथरणारा कुणी नाही. सही करा, नाहीतर मुख्य कचेरीत मी स्वतः जातो, गवईला घेऊन, कुबड्यांसकट."

त्यांनी सही केली. विक्रेत्याच्या नमुन्यांतले घुंडीचे दोन मी तिथल्या तिथे ताब्यात घेतले. बाकीचे यायचे तेव्हा येतील, दोन नंबर आज निघायची होती.

पट्टा काढल्यावर कंबर इतकी हलकी वाटते की तोल जातो.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी दोन नंबर सुटायच्या वेळी गेलो. आता माझं काम फाटकाच्या आतलं. शिकवायचं आणि ओरडायचं. ओरडायला हात लागत नाहीत.

सून गाडीच्या दारात उभी होती. पट्ट्याला दोन्ही लोडर. मी तपासायला मागितले. एक भरलेला होता. दुसरा रिकामा! मी फुटलोच. "रिकामा लोडर लटकवून मिरवतेस? हा काय दागिना आहे? गवईकडे बघून काही शिकली नाहीस?"

ती म्हणाली, "वेळ झाला नाही, उस्ताद. तुम्ही भरून द्या."

सहा काडतुसं माझ्या तळव्यावर ठेवली. सगळ्यांसमोर. तिला वेळ झाला नव्हता हे मी क्षणभरही खरं मानलं नाही.

मी भरायला लागलो. पहिलं बसलं. दुसरं भोकाच्या कडेला वाजत राहिलं, वाजत राहिलं, मग बसलं. तिसरं पडलं. तिने वाकून उचललं, पुसलं, परत दिलं, तेव्हा कुठे बसलं. दोन नंबरचा ड्रायव्हर असा उतावळा आहे की साहेब लघवीला गेले तरी हॉर्न वाजवतो. आज तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. मागे तीन नंबर अडली होती, तिच्या मागे पाच नंबर. इंजिनं चालू, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. कुणी घड्याळ बघत नव्हतं. मला ते सहन होईना.

"हॉर्न वाजव रे!" मी ओरडलो. "उशीर होतोय! काय मयताला आलात सगळे? वाजव!"

कुणी वाजवला नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता, अजून तीन काडतुसं भरायची होती.